शेजारचा रंग

गोरेगाव,
मंगळवार, १२ फेब्रुवारी १९५७

प्रिय उत्तरा,

वडील भावाने पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात, पण आज ते लिहायला माझा हात धजत नाही. पत्राला बोंबलांचा वास येईल, त्याला इलाज नाही. टपालाने आलेलं पत्र तुझे सासरे आधी फोडतात हे मला कळलंय, म्हणून मासळीवाल्या अंजनाबाईच्या टोपलीतून, केळीच्या पानाखालून ते तुझ्यापर्यंत पाठवतोय. पुढचं वाचण्याआधी एकच कर. ती पांढऱ्या मलमाची डबी, जी तू रोज तोंडाला चोळतेस, तिला यापुढे हात लावू नकोस. का ते सांगतो. सांगताना मला माझीच अब्रू वेशीवर टांगावी लागणार आहे, पण आता अब्रूचं काय घेऊन बसायचं!

मी स्टुडिओत पडदे रंगवायला लागलो त्या वर्षी तू आईबरोबर बघायला आली होतीस, आठवतं? राजवाड्याचा जिना रंगवला होता मी. उन्हातून चालत आलेली तू दमून सरळ त्या पायरीवर टेकायला गेलीस आणि दाणकन फरशीवर बसलीस. सगळे पेंटर हसले, आणि तू कपडे झटकत म्हणालीस, "दादा, तू एक नंबरचा लबाड आहेस रे!" मग तुझी समजूत काढायला मी करड्या कागदाची गंमत दाखवली. एकाच कागदाचे दोन तुकडे. एक काळ्या पुठ्ठ्यावर ठेवला, दुसरा पांढऱ्यावर. काळ्यावरचा उजळ दिसला, पांढऱ्यावरचा मळकट. तुझा विश्वासच बसेना. दहा वेळा तू त्यांची अदलाबदल करायला लावलीस, शेवटी स्वतः कात्री घेऊन नवीन तुकडे कापलेस, तरी तेच. तेव्हा मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं की डोळा रंग पाहत नाही, रंगाचा शेजार पाहतो, आणि मेंदू त्या शेजारावरून निकाल देऊन मोकळा होतो. खरं काय ते माहीत असलं तरी उपयोग नाही, माहीत असूनही तसंच दिसतं. आमचा धंदाच त्यावर चालतो. पांढरीशुभ्र साडी कॅमेऱ्यात भगभगते म्हणून आम्ही ती चहात बुडवतो, मग ती पडद्यावर पांढरी दिसते. दहा फुटांचा सज्जा चाळीस फुटांचा वाटावा म्हणून मागचे खांब बुटके करतो. त्यात पाप आहे असं मला कधी वाटलं नाही, कारण तिकीट काढणाऱ्याला ठाऊक असतं की आपण फसायला आलोय.

तुझ्या सासरच्यांनी तिकीट काढलं नव्हतं, उत्तरा. आणि तूही नाही. आधीची तीन स्थळं "मुलगी गुणी आहे, पण" असं म्हणून परत गेली होती. त्या 'पण'चा मला इतका संताप आला की म्हटलं, रंगच पाहायचाय ना यांना, मग दाखवतोच रंग. श्यामकांतराव पाहायला यायचे त्याच्या आदल्या दिवशी मी तुझा हात हातात घेऊन बसलो होतो आणि बशीत काही तरी मिसळत होतो, ते तुला पडद्याचं काम वाटलं. मी तुझ्या मनगटाचा रंग तयार करत होतो. तो एका पुठ्ठ्यावर लावला आणि तो पुठ्ठा वेगवेगळ्या हिरव्यांवर धरून पाहिला. कुठल्या हिरव्यावर तो सर्वांत उजळ दिसतो ते ठरवलं आणि रातोरात पुढच्या खोलीची भिंत गडद शेवाळी केली. तुला वांगी रंगाची साडी नेसायला लावली. खिडकीची एक फळी लावून घेतली. आणि तुझ्या शेजारी वनमालाकाकूंना बसवलं. बिचाऱ्या काकू, पोहे करायला म्हणून आल्या होत्या. "काकू, तुम्ही घरच्यासारख्या, तुम्ही बसा ना जवळ," असं म्हणून मी त्यांना बसवलं ते त्या काळ्या म्हणून. माणूस म्हणून नाही, रंग म्हणून. आईने भिंत पाहिली, रंग छान लागलाय म्हणाली आणि आत निघून गेली. तिला कळलं होतं. तुला मात्र काही माहीत नव्हतं. तू खाली मान घालून बसलीस, आणि त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. रात्री तू मला म्हणालीस, "दादा, मी आहे तशी आवडले रे त्यांना." मी म्हटलं, हो गं.

पुढचं तुलाच भोगावं लागलं. लग्नात त्यांनी कौतुकाने तुझं नाव बदलून गौरी ठेवलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात सासूबाईंनी तुला नीट पाहिलं. "दाखवली एक, दिली दुसरी." त्यांचं घर चुन्याने पांढरंफेक, आणि पंगतीला, पूजेला, पाहुण्यांसमोर तुझ्या शेजारी कायम तुझी जाऊ शुभा, दुधासारखी गोरी. म्हणजे मी जे काळ्या पुठ्ठ्यावर ठेवलं होतं, ते त्या घरात पांढऱ्या पुठ्ठ्यावर गेलं. एवढंच झालं, उत्तरा, याहून काहीही झालेलं नाही! पण तेव्हापासून ते गौरी नाव तुला हाक मारायला नाही, टोचायला वापरतात. श्यामकांतराव स्वतः तव्याच्या पाठीसारखे, पण ते तोंडातून ब्र काढत नाहीत.

दिवाळीत तू माहेरी आलीस तेव्हा मला एकट्याला गाठून विचारलंस, "दादा, खरं सांग, तू त्या दिवशी काही केलं होतंस का?" आणि मी आईची शपथ घेतली. "वेडी आहेस का, तसलं काही नाही," म्हणालो. मला वाटलं, तुझं मन राखलं. आता कळतंय की त्याच क्षणी तू मनात हिशेब मांडलास. दादाने काही केलं नाही, म्हणजे तेव्हा मी उजळ होते. आता सगळे म्हणतात मी काळी आहे. म्हणजे मी लग्नानंतर काळी पडत चाललेय. माझी शपथ खरी धरून तू स्वतःला खोटी ठरवलंस. मग ती डबी आली.

मागच्या बुधवारी अंजनाबाईने तुझी चिठ्ठी तिच्या लहूकडे दिली. लहू आमच्या स्टुडिओत दिवे ओढतो, त्याने ती मला आणून दिली. वर नाव नसतं तर तुझं अक्षर आहे हे मी ओळखलं नसतं. पाट्या लिहिताना मी तुझ्याकडून वळण गिरवून घ्यायचो, ते अक्षर कुठे आणि ही मुंग्या पसरल्यासारखी अक्षरं कुठे! जेवणाच्या सुट्टीत ती मांडीवर घेऊन बसलो होतो. आमच्या फाटकावर सहदेव म्हणून म्हातारा बसतो. त्याने उमेदीत आरशांना पारा चढवण्याचं काम केलं, आता त्याला चहाचा कप दोन हातांनीही धरवत नाही. त्याला वाचता येत नाही, पण त्याने नुसती अक्षरं पाहिली आणि विचारलं, "हिच्या हिरड्यांतून रक्त येतं का?" मी वेसाव्याला अंजनाबाईच्या घरी धावलो. ती म्हणाली, "तुजी भैन बरी नाय रं. सकाळची चूळ भरते तं लाल. मासळी घ्यायला बसली तं हातातली परात नुसती वाजत व्हती." उजळ व्हायला तू कुणाकडून मलम घेतेस तेही तिनेच सांगितलं. अंधेरी स्टेशनाबाहेर तो फेरीवाला शोधला, तसलीच डबी घेतली आणि डॉक्टरांकडे नेली. त्यात पारा आहे, उत्तरा. तू रोज पारा चोळतेयस. बंद केलंस तर हात ताळ्यावर येतील, असं डॉक्टर म्हणाले.

शनिवारी मी तुमच्याकडे आलो होतो, हे तुला कुणी सांगितलं नसेल. मला ओसरीच्या पुढे येऊ दिलं नाही. मी हात जोडले, डबीबद्दल सांगितलं, भिंतीचंही सगळं कबूल केलं. सासूबाई म्हणाल्या, "एकदा फसवलंत ते पुरे नाही झालं? आता आणखी कुठला खेळ?" तू झोपली आहेस असं सांगून त्यांनी दार लावून घेतलं. त्यांचं तरी काय चुकलं? मी त्यांच्या जागी असतो तर मीही माझ्यावर विश्वास ठेवला नसता. चार दिवस मला जेवण गेलेलं नाही.

तूही माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. पण सोबत तो पुठ्ठा पाठवतोय, तुझ्या मनगटाचा रंग लावलेला. मागे तारीख आहे, १७ मार्च १९५६. अंगणात उन्हात जा, मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे तू मलम लावत नाहीस तिथे, तो टेकव. शेजारी दुसरं काही ठेवू नकोस, शुभा नको, पांढरी भिंत नको. एक तीळभर फरक दिसला तर मला जन्मात तोंड दाखवू नकोस. दिसणार नाही. तू होतीस तशीच आहेस, आणि होतीस तेव्हाही छान होतीस, हे मी तेव्हा त्या तीन स्थळांच्या तोंडावर म्हणायला हवं होतं. भिंत रंगवायला नको होती.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. तुझ्या चिठ्ठीच्या तळाला एक ओळ आहे, ती मला आधी लागलीच नव्हती, इतकी ती वाकडी आहे. रविवारी भिंग घेऊन लावली. "पाचवा लागलाय. आता सकाळ-संध्याकाळ पोटालाही चोळते, निदान हे तरी उजळ निघू दे." ती ओळ घेऊन मी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. तुझ्या हातांबद्दल ते पटकन बोलले होते. याबद्दल ते एवढंच म्हणाले, आजच्या आज थांबवा आणि तिला घेऊन या. उत्तरा, मी पाया पडतो तुझ्या. तू हे वाचशील तेव्हा सासूबाई सोवळ्यात पूजेला बसलेल्या असतील, मासळीवाली आली की त्या मागच्या दारी फिरकत नाहीत. अंजनाबाई तुझं वाचून होईपर्यंत बसून राहील. तिच्या मागोमाग नेसत्या साडीनिशी निघ. पिठाच्या गिरणीपाशी मी टांगा घेऊन उभा आहे. आज नाही जमलं तर उद्या, परवा, तू येईपर्यंत मी तिथेच उभा आहे. मला शिव्या घालायच्या त्या टांग्यात घाल. पण निघण्याआधी, हे पत्र खाली ठेवल्या ठेवल्या, न्हाणीघरात जा आणि साबणाने धुऊन काढ. चेहरा राहू दे. आधी पोट धू.

तुझाच,
दादा