एकचं बटण नसलेलं यंत्र

प्रिय शमीम,

काल पनवेलला तुझ्या घरी जाऊन आले. अम्मींजवळ तासभर बसले, पण जे सांगायला गेले होते ते तोंडून निघालंच नाही. उद्या ऑफिसात पाटीलबाईंना कॉम्प्युटर शिकवायला मी बसणार आहे. मी! त्याआधी तुझ्याशी बोलायलाच हवं.

आठवतं ना, साहेबांनी बजावलं होतं: दिवाळीनंतर टाइपरायटर बंद, ज्यांना जमणार नाही त्यांनी टपाल सांभाळावं. वीस वर्षं एक्स्पोर्टची कागदपत्रं टाइप केलेली मी पाकिटांवर शिक्के मारू? आणि शिकवणार कोण, तर माझ्या मुलीच्या वयाची तू!

किती अडून बसले मी! दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा केली आणि पूजलेल्या यंत्राला हात लावू नये म्हणून आठवडाभर हार काढू दिला नाही. झेंडू वाळून काळा पडला. तू एवढंच विचारलंस, “बाई, पूजा तर टाइपरायटरचीपण केलीत. मग त्याच्यावर कसं टाइप करताय तुमी?”

तुझी शिकवायची रीतच चीड आणणारी. दोन्ही हात ओढणीत गुंडाळून शेजारी बसायचीस. मी कितीही अडले तरी हात बाहेर यायचा नाही. नुसते प्रश्न. काय दिसतंय? काय दिसायला हवं होतं? अगं, सांगून टाकायला काय जात होतं तुझं?

मग तो पेट्यांच्या यादीचा दिवस. कॉम्प्युटरची बेरीज कमी येत होती. मी हाताने तीनदा केली, माझीच बरोबर. सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, याला साधी बेरीज येत नाही. आनंद झाला होता मला, खोटं कशाला बोलू?

तू पडद्याकडे पाहिलंस आणि हळूच विचारलंस, “बाई, तुमच्या टाइपरायटरवर एकचं बटण कुठंय?”

नव्हतंच. त्या जुन्या यंत्रावर एकच्या जागी इंग्रजीतला छोटा एल मारायचा. डोळ्यांना सारखाच दिसतो. बोटांनी इथंही तेच केलं होतं. कॉम्प्युटरने त्याला अक्षर मानलं आणि तो आकडा बेरजेतून वगळला.

माझे कान तापले. आवाज ऐकून साहेब बाहेर आले. तू म्हणालीस, “काही नाही सर, बाईंनी चूक शोधली.”

आणि मी गप्प राहिले. टेबल राहिलं, मान राहिला, लोकांनी कौतुक केलं, तरी गप्प. तू आजारी असताना भेटायला आले, तेव्हाही फाइलींचंच बोलत बसले. आभार मानायचे ते तू बरी झाल्यावर, असं ठरवलं होतं. वाट का नाही पाहिलीस गं?

आज पाटीलबाईंनी कॉम्प्युटरवर रुमाल टाकून ठेवलाय. उद्या तो काढण्याआधी साहेबांसमोर, सगळ्यांसमोर सांगेन, ती चूक कोणाची होती आणि शोधली कोणी. मग पाटीलबाईंशेजारी बसेन, हात पदरात गुंडाळून. त्या अडतील, माझे हात शिवशिवतील. पण बाहेर काढणार नाही, शमीम.

तुझी,
सामंतबाई