होकार देणाऱ्या हेडरेस्टबाबत

प्रति,
माननीय वाहन तपासणी अधिकारी,
वाहन सुरक्षा विभाग, दुसरा मजला.

विषय : प्रशिक्षण मोटारीतील सदोष हेडरेस्टमुळे मानेस असलेला धोका व परस्पर दिला जाणारा होकार.

संदर्भ : मोटार विक्रेत्याचे तोंडी उत्तर, "जरा मान सांभाळून बसत जा."

महोदय,

१. अर्जदार मोटार चालवायला शिकवतो. स्टिअरिंगवर शिकणारा, शेजारी अर्जदार. अर्जदाराच्या सीटवरील हेडरेस्टची, म्हणजे डोक्यामागच्या उशीची, खाच मोटार नवी असल्यापासून ढिली आहे. ब्रेक लागला की हेडरेस्ट पुढे कलंडून डोक्यामागे टपली मारते. ब्रेक लागला, मान खाली. ब्रेक सुटला, मान वर. पाहणाऱ्यास वाटते, सर हो म्हणाले.

२. शिकणारी माणसे वळणावर विचारतात, "सर, घेऊ का?" आणि घाबरून ब्रेक दाबतात. अर्जदार तोंडाने "नको, नको" म्हणत असतो, मान मात्र "घे" म्हणते. माणसे मानेचे ऐकतात. अशाने मोटार एकदा फर्निचरच्या दुकानात शिरून सोफ्याशेजारी उभी राहिली. अर्जदाराचे भावोजी जन्मात कुणाला हो म्हणाले नव्हते. या सीटवर बसून ते चौकापर्यंत बायकोच्या प्रत्येक वाक्याला हो म्हणत गेले. अर्जदाराच्या बहिणीचे म्हणणे, ही उशी दुरुस्त करू नये.

३. विक्रेत्याने "ती आरामासाठी असते हो" म्हणून चहा पाजला. महोदय, ती आरामासाठी नसते. मागून धक्का बसला की डोके मागे फेकले जाते, ते अडावे म्हणून असते. गेल्या आठवड्यात सिग्नलला उभ्या मोटारीस टेम्पोने मागून ठोकले, तेव्हा हेडरेस्ट दांड्यांसकट उपटून मागच्या सीटवर जाऊन बसली आणि अर्जदाराची मान तिच्या मागोमाग निघाली. मागे कुणाचे मूल बसलेले नव्हते, हे नशीब. आता अर्जदाराच्या गळ्यात पट्टा आहे. मान ना खाली होते, ना आडवी.

४. आता मूळ दुखणे. अर्जदाराकडे शिवणकाम करणाऱ्या एक बाई शिकतात. बाई एकट्या, अर्जदार एकटा. दोघांची मुले आपापल्या संसारात. झोपल्या लेकराखालून दुपटे काढावे तसा बाई गिअर बदलतात. ब्रेक तर इतका अलगद लावतात, की त्यांच्या हाताखाली ती उशी कधी हललीच नाही. एका संध्याकाळी त्यांनी आपल्या दुकानासमोर मोटार उभी केली आणि समोरच्या काचेकडे पाहत विचारले, "आपलं जमेल का हो?" अर्जदाराने मान हलवली.

टेम्पोनंतर हेडरेस्टची कीर्ती बाईंच्या कानी गेली. घरी येऊन त्यांनी विचारले, "तो होकार तुमचा होता, की त्या उशीचा?" अर्जदार मान हलवू गेला, पट्ट्याने हलू दिली नाही. तोंडाने सांगितले, तर म्हणाल्या, "तोंडाने तुम्ही भिंतीला धडकणाऱ्यालाही 'छान चालवता' म्हणता. मला शिक्क्याचा कागद आणा."

५. तरी विनंती, की सदर हेडरेस्ट सदोष ठरवून या बनावटीच्या सर्व मोटारींत ती बदलण्याचा आदेश व्हावा. तसेच मोटार उभी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला आणि किल्ली बाईंच्या मुठीत, अशा स्थितीत ती उशी तसूभरही हलत नाही, याची वेगळी चाचणी घ्यावी. त्या संध्याकाळी स्थिती हीच होती. दाखल्यात एवढेच लिहावे, की त्या वेळी हललेली मान अर्जदाराने स्वतः हलवली.

पट्टा शुक्रवारी निघतो. दाखला मिळो न मिळो, अर्जदार त्या दिवशी मोटारीपासून चांगला लांब उभा राहून, मोकळ्या मानेने पुन्हा उत्तर देणार आहे. पण हाती शिक्का असला तर धीर येईल.

आपला,
मान लववता येत नसल्याने मनानेच नम्र,
(सही)
अर्जदार, मोटार प्रशिक्षक
दिनांक : बुधवार

सोबत :
१. उपटलेली हेडरेस्ट, दांड्यांसह.
२. पट्ट्याबाबत डॉक्टरांची चिठ्ठी.
३. बाईंनी हेडरेस्टला शिवलेले फुलाफुलांचे कव्हर. हेडरेस्ट ठेवून घेतली तरी चालेल, कव्हर मात्र परत मिळावे.