सुट्टी कशासाठी हवी होती

बाई,

मला प्रवेश मिळाला की नाही ते नंतर सांगते. आधी मुलाखतीत काय झालं ते सांगायचंय, कारण त्याला आता बरेच दिवस झाले तरी माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही. वर्गात शिकवता शिकवता मध्येच थांबते. मुली विचारतात, "मॅडम, तबियत ठीक नहीं है क्या?" तबियत हा शब्द कानावर आला की पुढचं वाक्यच सुचत नाही.

तुम्ही गेलात त्यानंतर मी बी.एड. केलं आणि मलकपेठेतल्या एका इंग्रजी शाळेत नोकरीला लागले, हे तुम्हाला माहीत नाही. लेक कॉलेजात गेली, घर जरा मोकळं झालं, तेव्हा वाटलं की आता पुढचं शिकावं. नवरा म्हणाला, "डिस्टन्सनं कर ना, डिग्री तीच मिळते." पण मला पुन्हा वर्गात बाकावर बसायचं होतं. तारनाक्याला जाऊन जुन्या विद्यापीठात एम.एड.ची चौकशी करून आले. ते केलं असतं तर बी.एड.च्या कॉलेजात शिकवता आलं असतं, सरळ वाट होती. दुसरं एक विद्यापीठ शहराबाहेर आहे, तिथे शिक्षण याच विषयात एम.ए. करता येतं. शाळेत कुठली मुलं टिकतात, कुठली गळतात, का गळतात, असा सगळा अभ्यास. खेड्यांतल्या शाळांत जाऊन राहायचं. नोकरीच्या दृष्टीनं त्याचा काय उपयोग, हे मला कुणी सांगू शकत नव्हतं. पण तिथे अर्जासोबत एक निबंध मागत होते: तुम्हाला शिक्षणाचा अभ्यास का करायचा आहे? तो प्रश्न वाचला आणि मला विचारच करावा लागला नाही. तुमच्यामुळे. मी एम.एड.चा नाद सोडला आणि त्याच दुपारी लिहायला बसले.

निबंधात तुमचं स्वयंपाकघर लिहिलं. रविवारी सकाळी मी यायचे, तुम्ही भाकऱ्या थापत असायचात, आणि मी पाटावर बसून मोठ्यानं धडा वाचायचे. माझा 'ळ' नेहमी 'ल' व्हायचा. "जीभ मागे ने, आणखी मागे," तुम्ही म्हणायचात, आणि जमलं की तव्यावरची भाकरी मोडून तिच्यावर लोणी घालून हातात द्यायचात. आमच्या आळीत मराठी, तेलुगू, दखनी उर्दू सगळं एकाच ताटात कालवलेलं. तुमच्या घरी मात्र मराठी वेगळी, स्वच्छ ऐकू यायची. दहावीनंतर तुम्ही दिलेला शब्दकोश अजून माझ्याजवळ आहे. हे सगळं मी मनापासून लिहिलं. त्यातलं काहीच खोटं नव्हतं.

मुलाखतीला समोर तिघं होती. मधल्या प्राध्यापक बाई वयस्क, तेलुगू, इंग्रजीत बोलत होत्या आणि मध्येच हिंदीत शिरत होत्या. माझा निबंध त्यांच्या पुढ्यात होता. त्या म्हणाल्या, "छान लिहिलंय. आता शाळेतला एखादा असा दिवस सांगा, की तुमच्या या बाई आम्हाला दिसतील." मला आनंदच झाला. तो किस्सा मी पुष्कळदा सांगितलाय, शिक्षकांच्या खोलीत, लग्नकार्यात, लोक हसतात. आमच्या बाईंनी तर माझ्या आईलाही शिकवलं, अशी त्याची सुरुवात असते.

आई वर्गाच्या दारात उभी आहे. पदर डोक्यावरून घेतलेला, पायांत रबरी चपला. तुम्ही फळ्यावर लिहिता लिहिता वळता. आई म्हणते, "बाई, हिच्या आज्याची तबियत खराब आहे, छुट्टी पायजे." तुम्ही हसता. तुमचं ते हसू छान होतं, मला नेहमीच आवडायचं. तुम्ही म्हणता, "तबियत नाही, प्रकृती. छुट्टी नाही, सुट्टी. आणि पायजे नाही, पाहिजे. म्हणा बरं पुन्हा." वर्ग खिदळतो. आई एकदा म्हणते, चुकते. तुम्ही तिला धीर देता, "येईल, येईल." ती पुन्हा म्हणते. तिसऱ्यांदा नीट म्हणते, आणि तुम्ही मला म्हणता, "जा, दप्तर घे."

हे सगळं समोरच्यांना कळावं म्हणून मी आधी आईचं वाक्य म्हटलं, मग तुमचं. कुणी हसलं नाही. टोकाला बसलेले सर म्हणाले, "मला मराठी येत नाही. पण आईचं वाक्य मला कळलं. दुसरं नाही कळलं." मी समजावून सांगायला लागले की प्रकृती म्हणजे तबियत. तेवढ्यात मधल्या बाईंनी अगदी हळू विचारलं, "त्यांना सुट्टी कशासाठी हवी होती?"

बाई, इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. किश्शात त्याला जागाच नव्हती. मी म्हणाले, "आईचे वडील अत्यवस्थ होते. आम्ही दवाखान्यात निघालो होतो. त्याच आठवड्यात ते गेले." हे मी बोलले आणि माझंच बोलणं मला ऐकू आलं. जिचा बाप मरायला टेकलाय अशी बाई दारात उभी आहे, आणि तिला ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणावं लागतंय, पोरांच्या पुढे. हे मला ठाऊक होतं. नेहमीच ठाऊक होतं. पण मी ते कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी पाणी दिलं. पुढे काय विचारलं, मी काय बोलले, त्यातलं फारसं आठवत नाही. निघताना मधल्या बाई म्हणाल्या, "निबंध बदलून पाठवायचा असेल तर पाठवा."

तिथून मी आपल्या घरी गेलेच नाही, तशीच आईकडे गेले. ती चिंचेचा कोवळा पाला निवडत बसली होती. पर्सही खाली न ठेवता मी विचारलं, "आजोबा आजारी होते तेव्हा तू मला न्यायला शाळेत आली होतीस, आठवतं?"

"हौ. आठवतं की."

"त्यानंतर तू शाळेत कधीच का आली नाहीस? बक्षीस समारंभाला नाही, निरोप समारंभाला नाही."

"आली ना. दर बारीला आली. बाहेर उभी राहायची, रसाच्या गाडीपाशी. माईकवर तुझं नाव ऐकू यायचं."

"आत का नाही आलीस?"

"आत बाई भेटल्या असत्या. काही विचारल्या असत्या. मग बोलावं लागलं असतं ना मला." तिनं एक काडी बाजूला टाकली. "त्या दिवशी बसमध्ये मी तेच म्हणत होती. प्रकृती, प्रकृती. चुकू नये म्हणून. दवाखान्यात डॉक्टरला पण म्हटली, बाबांची प्रकृती कशी आहे. तो तेलुगू होता बिचारा. त्याला समजलंच नाही."

पर्स खाली ठेवून मी तिच्याजवळ बसले. मी म्हणाले, "आई, मला कधी सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? तूच तर हसत हसत सांगायचीस सगळ्यांना. तुला ती गोष्ट आवडायची." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई वाईट नव्हत्या. तुला किती जीव लावला त्यांनी. पाणी पी, जा. तोंड बघ कसं झालंय."

तेव्हापासून मी तुमच्यावर चिडून बघितलं. जमत नाही, कारण तुमचा राग आला की पाठोपाठ लोण्याचा वास येतो. तुम्ही क्रूर असता तर सोपं गेलं असतं. तुम्ही आईला खरोखर शिकवत होता, ती नीट म्हणाली तेव्हा तुम्हाला बरं वाटलं होतं, हे मला अजून स्पष्ट दिसतं. आणि बाहेर रसाच्या गाडीपाशी कोण उभं आहे, हे तुम्हाला कधी कळलं नाही, मलाही नाही. त्या एका वाक्यानंतर आई एका भिंतीपलीकडे राहिली आणि आपण दोघी आत टाळ्या वाजवत होतो.

निबंध मी बदलला नाही. तेही खरंच होतं. फक्त त्याच्या खाली आईचं वाक्य लिहिलं, तिच्याच शब्दांत, देवनागरीत, आणि म्हटलं की मला याचा अभ्यास करायचा आहे. तसाच पुन्हा पाठवला.

प्रवेश मिळाला. पुढच्या महिन्यात वर्ग सुरू होतील. शाळेत मी बिनपगारी रजेचा अर्ज दिलाय, नवरा अजून म्हणतो डिस्टन्स बरं होतं, आणि आईनं ऐकलं तेव्हा तिनं विचारलं, "तिथे कुठल्या भाषेत शिकवतात?" मी म्हणाले, इंग्रजीत. ती म्हणाली, "मग ठीक आहे."

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. प्रवेशाची मेल मधल्या सुट्टीत आली. मी शाळेच्या जिन्यात उभी राहून ती वाचली, आणि इतकं सगळं कळल्यानंतरही, ही बातमी सगळ्यांत आधी तुम्हाला सांगावीशी वाटली. आई नंतर आठवली.