सोळा बाइटांची माया

तीर्थस्वरूप आत्यास,

भाचीचा वाकून नमस्कार. (वाकलं की सरळ व्हायला हल्ली वेळ लागतो, त्याचं कारण खाली येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? आतोबांची कवळी सापडली का? माझी तब्येत दृष्ट लागण्याइतकी उत्तम आहे.

एक अपराध कबूल करायचा आहे. वाचनालयांसाठीचा जो प्रोग्राम तू तीस वर्षांपूर्वी सी भाषेत लिहून जगाला फुकट देऊन टाकलास, त्यावर मी चार वर्षं काम करते हे तुला माहीत आहे. मी तुझी भाची आहे हे मात्र तिथं कुणालाच माहीत नाही. (वशिल्याचं तट्टू म्हणवून घेण्यापेक्षा अनोळखी गाढव बरं.) तर त्यातली तुझी मेमरी मागणारी जुनी फंक्शनं काढून टाकायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. प्रोग्रामला जागा हवी झाली की तो थेट मशीनकडे न जाता तुझ्या फंक्शनकडे जायचा, आणि ते त्याच्या वतीनं मशीनकडे. ज्या आडमुठ्या मशिनींसाठी तू हे मध्यस्थ नेमलेस, त्या कधीच भंगारात गेल्या. अकराशे चाळीस ठिकाणं बदलायची, म्हणजे डाव्या हातचा मळ! सोमवारी दुपारी मी हात झटकून चहा प्यायले.

चाचणी सुरू केली आणि आभाळच फाटलं. 'मुंग्या आणि त्यांची अंडी' या पुस्तकाचं शेपूट शेजारच्या सभासदाच्या नावावर सांडलं, आणि एक निवृत्त न्यायाधीश यादीत 'अंडी' म्हणून उभे राहिले. मग प्रोग्रामनंच मान टाकली. आमच्या प्रमुख बाईंनी (कमी बोलतात, म्हणून जास्त भीती वाटते) कळवलं की गुरुवारपर्यंत निस्तरलं नाही तर माझे सगळे बदल परत फिरवणार, आणि प्रोग्रामला हात लावायचा माझा अधिकारही जाणार.

तेव्हा मी तुझं फंक्शन पहिल्यांदा नीट वाचलं. (काढण्याआधी वाचावं, हे तूच शिकवलं होतंस.) कुणी शंभर बाइट जागा मागितली की ते एकशे सोळा आणायचं आणि काही न बोलता हातात ठेवायचं. त्या सोळांना तू नाव दिलंस 'माया'. आमच्याकडे त्या शब्दावरून तीन वर्षं वाद चाललाय. एक दाढीवाला म्हणतो, हे कसलं तरी लघुरूप आहे. दुसरा म्हणतो, जग मिथ्या आहे असं सुचवायचं असावं. मला मात्र तुझ्या शिवणयंत्राखाली चिंध्या वेचत बसलेली मी दिसले, आणि वरून तुझा आवाज आला, "शिवणीत बोटभर माया ठेवावी गं. अंग वाढतं, कापड वाढत नाही."

शोधलं तर अकरा ठिकाणी लोकांनी मागितली त्याहून जास्त जागा बिनधास्त वापरली होती. वर्षानुवर्षं सगळे तुझ्या मायेवर जगत होते आणि जगणाऱ्यांनाही पत्ता नव्हता. आत्या, एवढं मोठं काम मी आजवर कुणाचं पाहिलं नाही, आणि तू त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाहीस.

अकराही चुका बुधवारी दुरुस्त झाल्या आणि न्यायाधीश पुन्हा माणसांत आले. बाईंनी तुझ्या त्या फंक्शनांची फाईल काढायला मंजुरी दिली आणि जाता जाता विचारलं, माया म्हणजे काय ते कुणाला कळलं का. मी गटाच्या चर्चेत सगळ्यांदेखत लिहून टाकलं, "हो. ती माझ्या आत्याची आहे." दाढीवाल्यानं तुला नमस्कार सांगितलाय.

तुझंच,
वशिल्याचं तट्टू

ता. क. अकरांपैकी सात चुका माझ्या होत्या.

ता. क. २ : पुढच्या महिन्यात मला 'जुन्या मायेची गरज आता उरलेली नाही' या विषयावर चारशे लोकांपुढे बोलायचं आहे. त्यासाठी तू शिवलेला निळा कोट काढला, तर बटण आणि काज यांची भेटच होईना. उलटा करून पाहिला. दोन्ही शिवणींत बोटभर आहे. शनिवारी घेऊन येते, उसवून देशील ना?