माझ्या मापाची रायफल

मी, सुहासिनी श्रीनाथ पेंढरकर, वय चौसष्ट, मूळची पुण्याची, तीस वर्षं सिडनीत पॅथॉलॉजिस्ट आणि आता ओबेरॉनजवळच्या चाळीस एकरांवर सव्वीस शेळ्यांची मालकीण, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. खात्री करून घ्यावी म्हणून आज सकाळी सव्वीसही शेळ्यांची नावं न अडखळता म्हणून पाहिली.

येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. सर्जन म्हणतात, काळजीचं कारण नाही. ज्यांना असंच सांगितलं होतं अशा कित्येकांचे रिपोर्ट मी लिहिले आहेत, त्यामुळे मी काळजी करणार. पण खरी धाकधूक ऑपरेशनची नाही. अकरा शेळ्या गाभण आहेत, तीन आठवड्यांत व्यायला लागतील. शुक्रवारी शेजारच्या कॉलिनची चार कोकरं कोल्ह्यांनी नेली आणि काल माझ्याच गोठ्यामागे मला पावलांचे ठसे दिसले. मी नसले तर त्या करडांना राखणार कोण, हा प्रश्न सुटत नाही, आणि तो सुटावा म्हणून हा कागद आहे.

यापूर्वी मी काही लिहिलं असेल तर ते रद्द. वकीलबाईंनी इंग्रजीत दीड पानाचा मसुदा दिला होता. त्यात शेळ्यांना ‘लाइव्हस्टॉक’ म्हटलं होतं आणि रायफलीला ‘इतर वस्तू’. म्हणून मी मराठीत लिहिते आहे. अधिकृत भाषांतर सोबत जोडावं, खर्च माझा.

१. व्यवस्थापक म्हणून माझी मैत्रीण शैला हिला नेमते. ती कॅसल हिलहून अडीच तास गाडी चालवत येते, वाटेत एकदाही न थांबता, आणि आल्या आल्या माझा फ्रीज आवरते. अशा बाईच्या हाती कागदपत्रं सुरक्षित राहतील.

२. सिडनीतलं, गिरावीनचं घर मी गेल्या वर्षीच माझी मुलगी मैथिली हिच्या नावावर केलं आहे. त्यामुळे या मृत्युपत्रात तिच्यासाठी काही नाही. तिला या जमिनीतलं काही नकोच आहे. का, ते कलम चारमध्ये येईल. वकीलबाईंनी बजावलं आहे की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार, त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. केली तर त्याला ठेवलेलं रद्द होतं. मैथिलीला काही मिळणार नसल्याने एक साक्षीदार तीच असेल. दुसरा कॉलिन. त्याला माझं लिंबाचं लोणचं फार आवडतं, पण ती बरणी मी त्याला परवाच देऊन टाकली आहे, म्हणजे कायद्याची अडचण नको.

मैथिलीबद्दल एक तक्रार नोंदवून ठेवते. गेल्या सप्टेंबरपासून ती शनिवारी माझा फोन उचलत नाही. “आई, शनिवारी नको ना, मी बिझी असते.” कशात बिझी, ते सांगत नाही. मी विचारायचं सोडलं, पण काळजी करायचं सोडलेलं नाही.

३. माझा पुतण्या अजित, जो इंडियातून विद्यार्थी आणून त्यांना कुकरीच्या नाहीतर केस कापायच्या कोर्सला लावण्याचा धंदा करतो, त्याला श्रीनाथची स्टीलची मोजपट्टी द्यावी. श्रीनाथच्या तेराव्याला लोक जेवत असताना हा गिरावीनच्या घरात खोलीखोलीतून पावलं मोजत होता. “काकू, हॉलमध्ये सुद्धा चार गाद्या आरामात बसतील. सध्या स्टुडंट्सना घरं मिळत नाहीत, यू हॅव नो आयडिया!” मला चांगली कल्पना होती. त्याच घरात आता मंजिरी नावाची नागपूरची मुलगी राहते, ती याच्याच मार्फत आली. कोर्समध्ये तिला चार महिने कांदाच चिरायला लावला म्हणे. ती आणि तिच्या दोघी मैत्रिणी, तीन खोल्यांत तिघी, एवढीच माणसं त्या घरात राहावीत अशी माझी मैथिलीला विनंती आहे. मंजिरी रेस्टॉरंटच्या शिफ्टवरून घरी पोचली की मला मेसेज करते. मी नसले तर तो मेसेज कोणाला करायचा, हे शैलाने तिला सांगावं.

४. आता रायफल. एका रायफलीचं मृत्युपत्र करण्याआधी तिच्या आधीच्या रायफलीबद्दल कबुलीजबाब द्यावा लागेल.

श्रीनाथ निवृत्त झाला, आम्ही ही जमीन घेतली, शेळ्या घेतल्या आणि पहिल्याच हिवाळ्यात जंगली कुत्र्यांनी तीन फाडल्या. लायसन्स काढून आम्ही दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस. त्याने श्रीनाथचा खांदा पाहिला, आमची वयं विचारली आणि म्हणाला की हलक्या धक्क्याची घ्या, कोल्ह्याला आणि कुत्र्याला ती पुरते. श्रीनाथ मान डोलवत होता. मीच मध्ये पडले. मैथिलीचा शाळेचा गणवेश मी दर वर्षी दोन मापं मोठा घ्यायचे, वाढत्या अंगाचा. तिची बाही कायम बोटांवर लोंबायची. तीच अक्कल मी तिथे चालवली. म्हटलं, “पुन्हापुन्हा कोण घेणार? घ्यायचीच तर मोठी घे.” आम्ही थ्री-ओ-एट घेऊन घरी आलो. हरिणं आणि रानडुकरं मारणारे लोक वापरतात ती.

ती प्रत्येक वेळी खांद्यात लाथ घालायची. श्रीनाथ शर्टाच्या आत पंच्याची घडी ठेवायचा आणि मला सांगायचा की काही नाही. खांदा काळानिळा झालेला मी पाहिला, आणि डॉक्टर असूनही मलम देऊन गप्प बसले. धक्क्याच्या भीतीने तो चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागला. ऑगस्ट २००६ मध्ये एका संध्याकाळी कुत्री कुंपणाशी आली. मैथिली सुट्टीला आली होती, फाटकाशी उभी होती. श्रीनाथने नेम धरला, डोळे मिटले आणि गोळी आमच्याच शेवंती शेळीला लागली. तिचं करडू तिच्या पोटाशी होतं. दुसरी गोळी तिला शांत करण्यासाठी झाडावी लागली, तीही त्यानेच झाडली.

मैथिली म्हणाली, “आय ॲम नेव्हर टचिंग दॅट थिंग. एव्हर.” ती दुसऱ्या दिवशी परत गेली. आम्ही तिघांनी त्यावर पुन्हा कधी शब्द काढला नाही. श्रीनाथ पुढच्या वर्षी गेला. ‘मोठी घे’ म्हणणारी मी होते, हे मी त्याला एकदाही बोलून दाखवलं नाही. त्याने मला दोष दिला नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

५. तो गेल्यावर ती रायफल मी दुकानदाराला परत दिली आणि या वेळी त्याचं ऐकलं. टू-टू-थ्री घेतली. हिचा धक्का आधीच्या रायफलीच्या चौथाईसुद्धा नाही. नळी जराशी जाड, कारण वजन असलं की धक्का मुरतो. पण इतकीही जड नाही की माझ्यासारखीला कुंपणापर्यंत नेता येऊ नये. दस्त्याच्या मागे जाड रबर. दुकानदाराने माझ्या कोपरापासून बोटापर्यंत माप घेतलं आणि दस्ता सव्वा इंच कापून दिला. लोक मोठी बंदूक घेतात आणि घाबरून चुकतात, मग जनावर अर्धमेलं होऊन पळतं. मी खुंटावर वाळूची पिशवी ठेवून, तिच्यावर नळी टेकवून, डोळे उघडे ठेवून झाडते. दोन वर्षांत अकरा कोल्हे आणि दोन कुत्री, एकाच गोळीत प्रत्येक. यात मला आनंद झाला नाही, पण एकही करडू गेलं नाही.

तिजोरीची किल्ली कुठे आहे ते इथे लिहीत नाही. लायसन्स नसलेल्याला ती माहीत असणं गुन्हा आहे, आणि हा कागद अजित वाचणार आहे.

६. माझ्या पश्चात रायफल त्याच दुकानदाराकडे जमा करावी, कारण माझ्या माणसांत लायसन्स कोणाकडेच नाही. राखणदार नसेल तर शेळ्या ठेवणं म्हणजे कोल्ह्यांना पान वाढून ठेवणं. म्हणून शेळ्या विकाव्यात. त्या कुठे जातील हे मला माहीत आहे. गाभण असलेल्या निदान व्यायच्या आधी विकू नयेत, एवढं शैलाने पाहावं. हे कलम लिहायला मला सकाळपासून दुपार झाली.

येथवर लिहून झालं तेव्हा मैथिली आणि शैला आल्या, पाठोपाठ कॉलिनही आला. चहा झाला. मी कागद मैथिलीपुढे सरकवला आणि सही कुठे करायची ते दाखवलं. तिने सगळं वाचलं. कलम चार तिने दोनदा वाचलं. मग पेन खाली ठेवलं.

“मी सही करणार नाही.”

मला वाटलं, तीन वर्षांचा राग आता बाहेर पडणार. म्हटलं, “मैथिली, एवढं तरी कर. गुरुवारी मला...”

“आई, साक्षीदाराला काही मिळत नाही ना?”

“नाही.”

“मग मी सही केली तर रायफल मला कशी मिळेल?”

तिने पाकिटातून लायसन्स काढून माझ्यासमोर ठेवलं. दर शनिवारी ती नेमबाजी शिकायला रेंजवर जात होती. इथल्या कोल्ह्यांसाठी म्हणून अर्जाला जमीनमालकाचं पत्र लागतं, ते कॉलिनने त्याच्या जमिनीसाठी दिलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं तर तो बशीत पाहत म्हणाला, “शी मेड मी प्रॉमिस, सू. सॉरी, मेट.”

“मला सांगितलं का नाहीस?” मी विचारलं.

“पास झाले नसते तर? तू आणखी एक काळजी धरून बसली असतीस.” मग तिने पुन्हा कलम चारवर बोट ठेवलं. “मी रायफलीवर चिडले नव्हते गं. बाबांनी डोळे मिटले ते मी पाहिलं होतं. तुम्ही दोघं काही बोललाच नाहीत, त्यावर चिडले होते.”

मी रडले, शैलाही रडली. कॉलिन शेळ्या बघून येतो म्हणून बाहेर गेला आणि आत येईना. शेवटी त्याला हाक मारावी लागली.

७. सबब वरील कलम सहा रद्द, आणि कलम दोनमधलं मैथिलीला काही नसल्याचं आणि तिच्या साक्षीचं वाक्यही रद्द. टू-टू-थ्री रायफल, कायद्याने लागणारे परवाने घेऊन, मैथिलीला द्यावी. सव्वीस शेळ्या, होतील ती करडं आणि चाळीस एकर जमीनही तिलाच. शनिवारची तक्रार मागे घेते.

८. मैथिलीच्या हाताचं माप मी आत्ताच टेबलाशी बसून घेतलं. कोपरापासून बोटापर्यंत ती माझ्यापेक्षा दीड इंच लांब आहे. दस्ता तिच्यासाठी बदलून घ्यावा. बरोबर तिच्या मापाचा घ्यावा, वाढत्या अंगाचा नको.

हे सर्व मी वाचून पाहिलं, मला पटलं, आणि खाली नावं असलेल्या दोघांच्या देखत, दोघंही एकाच वेळी खोलीत असताना, सही केली.

ठिकाण: ओबेरॉनजवळ, न्यू साउथ वेल्स
रविवार, ५ जुलै २००९

(सही) सुहासिनी श्रीनाथ पेंढरकर

साक्षीदार:
१. (सही) कॉलिन मरे, शेजारी
२. मैथिलीचं नाव खोडलं आहे, ते माझ्या संमतीने. तिच्या जागी (सही) शैला दिवेकर, मैत्रीण