नावानं घेतलेली हजेरी

बाई, कामाच्या जागी माणूस कशानं खूश राहतो, यावर बोलायला विद्यापीठातल्या नव्या कर्मचाऱ्यांनी मला उद्या बोलावलंय. मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तुम्हाला जाऊन त्याहून जास्त. काय बोलावं याचा विचार करताना मुळशीचं आपलं भात संशोधन केंद्रच डोळ्यांपुढं येतंय. साठ सालच्या आसपासचा आषाढ. लावणी चालू आहे, इरली पांघरून बायका चिखलात वाकल्या आहेत. तुम्ही विभागप्रमुख, पुण्याहून एसटीनं आलेल्या, पातळ वर खोचून बांधावर उभ्या. इथं काय त्रास होतो, असं तुम्ही त्यांना विचारलंत. त्यांच्याआधी मीच बोललो, की कुणाची काही तक्रार नाही. "मी तुम्हाला विचारलं नव्हतं," तुम्ही आवाज न चढवता म्हणालात. मग एकजण पाठ सरळ करत बोलली, "आमाला हितं कुनी नावानं हाक मारत न्हाई. जिचा जो वाफा, त्योच तिचा नंबर. मी सात हाय." दुसरीनं सांगितलं, भाकरी पावसात उभ्यानं खावी लागते.

नंबरानं हाक मारणारा मीच. हजेरी माझ्याकडे होती. दुसऱ्या दिवशी ती तुम्ही स्वतः घेतलीत, नावं चुकत, पुन्हा विचारत. त्या हसल्या, तुम्हीही हसलात. मग बियाण्याची पोती पडवीत काढायला लावून त्या खोलीत बायकांसाठी चूल मांडलीत. थोडं बियाणं भिजलं. पुण्याहून जाब विचारणारं पत्र आलं, तेव्हा "निर्णय माझा होता," एवढंच तुम्ही कळवलंत. पुढच्या वर्षी केंद्र तुमच्याकडून काढून घेतलं. ते त्यामुळंच का, मला अजून कळलेलं नाही. आणखी एक कळत नाही. रोपांची उंची रोज मोजणाऱ्या तुम्ही, बायकांचं काम वाढलं का, हे एकदाही मोजलं नाहीत. तुम्हाला ते जाणून घ्यायचंच नव्हतं का?

केंद्र सोडून निघताना तुम्ही मलाही विचारलंत, "आणि तुम्हाला काय खुपतं?" मी काही नाही म्हणालो. ते खोटं होतं. खोलीतून त्यांच्या गप्पा ऐकू यायच्या आणि मी पडवीत एकटाच डबा उघडायचो. कुणीतरी आत बोलवावं असं रोज वाटायचं. हे पत्र कुठं पाठवणार? पण उद्या सगळ्यांपुढं हे सांगायचा धीर होणार नाही, म्हणून इथं लिहिलं.