डावा अर्धा ओठ

गुरु. ९ जाने.
अनूचा पेशंट पळाला. रिटायर्ड मास्तर. तीन वेळा हो म्हणाले आणि आज फोन, की मुलगा नको म्हणतो. जन्मभर पोरांवर छडी उगारली, आता सुईला भ्यायले.
नात दातांची डॉक्टर होऊन तीन वर्षं झाली तरी शाळा सुटत नाही. स्वारगेटजवळ दर रविवारी डॉक्टर झालेल्यांची शाळा भरते. जबड्यात स्क्रू बसवून त्यावर दात लावायला शिकवतात. आधी बकऱ्याच्या जबड्यावर शिकवलं. तो जबडा दोन दिवस माझ्या फ्रिजमध्ये दह्याशेजारी होता, मी बोलले नाही. आता माणसं लागतात, आणि ती ज्याची त्यानं आणायची. दोन पेशंट नाहीत तर सर्टिफिकेट नाही. मग नोकरीच्या दवाखान्यात लोकांचे दात घासत बसायचं, तेच पुन्हा.
जेवली नाही. म्हटलं, माझ्या खालच्या डाव्या दाढा गेल्यात, तिथे भरपूर जागा आहे.
"आजी, तू नको."
"का? बकऱ्यापेक्षा वाईट आहे का मी?"
हसली. मग जेवली.

शनि. ११ जाने.
रक्त, साखर, जबड्याचा स्कॅन, सगळं झालं. त्यांचे सर म्हणाले, हाड उत्तम आहे. उभ्या जन्मात माझं काहीतरी उत्तम निघालं.

रवि. १२ जाने.
झालं एकदाचं. तोंड बधिर करून दीड तास. खुर्चीभोवती चार-पाच डॉक्टर डोकी घालून उभे, त्यात एक टकलू, त्याचं शिकायचं वय केव्हाच गेलेलं. सर एक आणि खुर्च्या तीन, इकडून तिकडे पळत होते. अनूचा हात एकदाही हलला नाही. शेवटी सर एक्स-रेचा फोटो बघून "छान" म्हणाले. तिच्या तोंडाला मास्क, पण कान लाल झालेले दिसले.
मला रिक्षानं घरी पाठवलं. ती तिथेच. संध्याकाळी फोन आला, "आजी, ओठ जागा झाला का?" हे सगळ्यांना विचारायचं असतं, वहीत वेळ लिहायची असते.
म्हटलं, झाला.
झाला नव्हता. होईल तासाभरात, असं वाटलं.

सोम. १३ जाने.
नाही झाला. डावा अर्धा ओठ आणि त्याखालची हनुवटी, कुणा दुसऱ्या बाईची आणून लावल्यासारखी. चहा ओघळतो तो पदर ओला झाल्यावर कळतो.
सांगणार नाही. का ते लिहून ठेवते. गेल्या वर्षी एका बाईच्या दाताच्या मुळात हिच्या हातची सुई मोडून राहिली. होतं म्हणे असं, मोठ्यांच्या हातूनही. त्या बाईला काही झालं नाही. ही मात्र पाच आठवडे अंथरुणात, तोंड भिंतीकडे. आईबाप साताऱ्याला, ते फोनवर "खंबीर हो" सांगायचे. इथे ताट ठेवायची मी, उचलायची मी. गच्चीची किल्ली मी ब्लाउजमध्ये ठेवून झोपत होते.
ते पुन्हा नको. ओठ काय, अर्धाच गेलाय.

मंगळ. १४ जाने. संक्रांत
खालच्या मजल्यावरच्या शालिनीबाई तिळगूळ घेऊन आल्या.
"कमलताई, ओठाला तीळ चिकटलाय."
पुसला.
"अजून आहे."
म्हटलं, असू दे, आज गोड बोलायचं ना, ठेवलाय तयारीत. हसल्या. मी आत जाऊन आरशात बघितलं. तीन होते.

गुरु. १६ जाने.
ओठ भाजला. वरणाची वाटी तोंडाला लावली, उजवीकडे कळेपर्यंत डावीकडे फोड. अनूला सांगितलं, फुलका काढताना वाफ लागली. मलम लावलं तिनं. बोट फिरत होतं ते दिसलं, लागलं नाही.
ती नसताना आरशासमोर बसून जेवते. माझीही शाळाच.

रवि. १९ जाने.
टाके काढले. अनूनं टोकदार काहीतरी ओठावर टेकवलं. "इथे कळतंय?"
काही कळलं नाही, पण तिचं कोपर हललं. "हो."
"आणि इथे?"
"हो गं, किती वेळा."
वहीत खूण केली. सर म्हणाले, "डॉक्टर, फार सफाईनं केलंत." येताना रिक्षात हातवारे करून बोलत होती. सिग्नलला रिक्षावाला मागे वळून बघायला लागला. वर्षभरात एवढं बोलली नव्हती.
मी बरोबर केलं.

गुरु. २३ जाने.
बरोबर केलं नाही.
तिच्या वर्गातल्या मुलीचा फोन होता, हिला काही विचारत होती. मी कोथिंबीर निवडत होते. अनू सांगत होती, "अगं, ओठ बधिर राहिला तर त्याच दिवशी कळायला हवं. हाडात खाली नस असते, स्क्रू तिला टेकला तर लगेच काढायचा, मग नस वाचते. म्हणून तर तो संध्याकाळचा फोन. जितके दिवस जातील तितकं अवघड."
मला वाटलं होतं, विचारपूस आहे. पेशंटला बरं वाटावं म्हणून करतात तशी.
आज अकरा दिवस.
कोथिंबिरीतली चांगली पानं टाकली आणि देठ ठेवले.

शनि. २५ जाने.
आता नुसतं बधिर नाही. मधूनच आत वीज ओढल्यासारखं होतं, दातओठ खाऊन गप्प बसते. पैकी ओठ कळत नाही.
सांगावं तर ती. न सांगावं तर

सोम. २७ जाने.
दुसरा पेशंट मिळाला. शालिनीबाई. येत्या रविवारी.
"तुमचं बघूनच तयार झाले हो. तुम्हाला काही म्हणून काही झालं नाही."
जन्मात कुणी माझं बघून काही केलं नाही, ते आता.
अनू म्हणाली, सरांनी सांगितलंय, आजींचं केलंत तसंच करा.
तसंच.

बुध. २९ जाने.
खाली गेले. म्हटलं, शालिनीबाई, एवढ्यात करू नका.
"का? नातीवर विश्वास नाही?"
"आहे."
"मग?"
त्यांनी पोहे दिले, मी ते खाल्ले नाहीत, तिथे समोर आरसा नव्हता.
संध्याकाळी अनू आली तीच तणतणत. "काकूंना घाबरवायला गेली होतीस? तुला नकोच आहे का माझं काही धड व्हायला?"
ऐकून घेतलं. पहिल्यांदाच ऐकून घेतलं असेल.

शुक्र. ३१ जाने.
सांगितलं. दवाखान्यात निघाली होती. एक चप्पल पायात, एक हातात.
"अनू, ओठ जागा झालेला नाही."
"कधीपासून?"
"पहिल्यापासून."
"मी फोन केला तेव्हा?"
"तेव्हाही."
"टाके काढताना तू हो म्हणालीस."
"तुझं कोपर दिसत होतं."
उंबऱ्यातच बसली. मी तिच्या ओरडण्याची वाट बघत होते. ओरडली असती तर बरं झालं असतं.
"तुला वाटलं मी पुन्हा तशीच पडेन."
"पडली होतीस."
"मग मला विचारायचं होतंस ना आजी. एकोणीस दिवस."
तिनं सरांना फोन लावला. बस कधी सुटते ते सांगावं तशा आवाजात सगळं सांगितलं. शालिनीबाईंना जिन्यातून हाक मारून रविवारचं रद्द केलं. मग आत गेली, दार लावलं.
मी गच्चीला कुलूप लावून आले.

शनि. १ फेब्रु.
पुन्हा स्कॅन. स्क्रू नसेला टेकलाय. त्या दिवशीचा फोटो सपाट, त्यात दिसलं नव्हतं. सर म्हणाले, मी उभा राहून बघायला हवं होतं, ती माझी चूक. त्यानं माझा ओठ जागा होत नाही, पण म्हणाले एवढं खरं. काढून बघायचं. ओठ येईल, कदाचित महिने लागतील, कदाचित नाही येणार. उशीर झालाय. तो कुणामुळे ते त्यांनी म्हटलं नाही, मला ठाऊक आहे.
अनू रडत नाही, जेवत नाही. दिवसभरात एकच वाक्य, "उद्या सर काढतील."
मी ताट झाकून ठेवलं.

रवि. २ फेब्रु.
इथे बाहेर बाकावर बसून लिहितेय. शाळा भरलीय. टकलू येऊन "आजी, बरं वाटेल हं" म्हणून गेला.
अनू आत आहे. ॲप्रन घातलाय, पण कोपऱ्यात उभी, हात खिशात. दाराच्या काचेतून दिसतं.
मघाशी तिथली मुलगी सहीचा कागद घेऊन आली. पेशंटनं वाचून सही करायची. चष्मा लावून सावकाश वाचलं. काही झालं तर काही म्हणायचं नाही, असं एक पानभर. खाली डॉक्टरांचं नाव, ती जागा मोकळी.
म्हटलं, हे कोण भरणार?
"सर भरतील ना आजी. तुम्ही फक्त सही करा."
"तोंड माझं आहे. आधी नाव, मग सही."
"पण सर म्हणाले—"
तिच्या खिशातलं पेन घेतलं. डॉ. अनघा, पुढे बापाचं नाव, पुढे आडनाव. माझं चौथीचं अक्षर, रेघेच्या खाली गेलं. मग माझी सही.
"आजी, त्या नाही म्हणतायत. मघाशीच म्हणाल्या सरांना, माझ्याच्यानं होणार नाही."
"मग हे दाखव तिला. तिनं खोडलं तर मी घरी जाते, स्क्रूसकट."
मुलगी कागद आणि पेन घेऊन आत गेली. काचेतून दिसलं, तिनं तो सरांना न देता अनूच्या हातात दिला. सर बघतायत. अनूनं खिशातून हात काढलाय, पेनही घेतलंय. कागद ट्रेवर ठेवून वाकलीय. खोडतेय की खाली स्वतःची सही करतेय, ती पाठमोरी आहे, इथून दिसत नाही.